चौथं गिऱ्हाईक

बाबांनी आयुष्यभर लोकांच्या भिंती गुळगुळीत केल्या, त्यामुळे गुळगुळीत भिंतीवर त्यांचा काडीचाही विश्वास नाही.

घर बघायला गेले की ते माणसांशी कमी आणि भिंतींशी जास्त बोलतात. थापी उलटी धरायची आणि तिच्या लाकडी मुठीने ठोकत ठोकत खोलीभर फिरायचं, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. आवाज भरीव आला तर पुढे. पोकळ आला की थांबायचं, नखाने टोकरायचं आणि "हं" म्हणायचं. त्या एका "हं"ने घरमालकाच्या हातातला कप बशीत खडखडलेला मी स्वतः ऐकलाय.

त्याला कारणही तसंच आहे. आमच्या गावात कुणाला घर विकायचं असलं की तो आधी बाबांना बोलावतो. इथली भेग बुजवा, तिथे ओल आलीय तिच्यावर दोन हात ओढा, वरून आम्ही रंग मारू. मग तो सायकलवाल्याकडे जातो. सायकलवाला म्हणजे आमच्याकडचा घरांचा बाजार. पंक्चर काढता काढता तो कोण विकतंय, कोण शोधतंय, कुठल्या घरात भाऊभाऊ बोलेनासे झालेत हे सगळं सांगतो, आणि व्यवहार जमला की दोन्हीकडून दलाली घेतो. मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर यादीच केली होती. दोन वर्षांत आम्ही गिलावा केलेली घरं चौदा, त्यातली अकरा तीन महिन्यांच्या आत विकली गेली. पुढे खोल्या किती, पाणी कसं, कितीला गेलं. मला वाटलं, बाबा पाठ थोपटतील. त्यांनी वही लांब धरून वाचली आणि म्हणाले, म्हणजे आपण घेऊ ते घर ताज्या गिलाव्याचं नको, एवढं कळलं.

घर घ्यायचंच होतं, आणि लवकर. आम्ही राहायचो त्या दोन खोल्यांचा मालक उन्हाळा लागता लागताच येऊन सांगून गेला की छप्पर उतरवायचंय, पावसाच्या आत खाली करा. भाड्याच्या सहा जागा आम्ही आजवर बदलल्या होत्या. दर वेळी निघताना आई स्टोव्हमागच्या भिंतीवरचा काळा डाग घासून काढायची, नाहीतर मालक अनामतीतून पैसे कापायचे. यंदा ती एकदाच म्हणाली, तेही भांडी घासताना, पाठमोरी, की सातवी भिंत काही मी घासणार नाही. बाबा दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन आले. सात लाख होते. बाबांची थापी आणि आईचा दाभण यांनी मिळून बारा वर्षांत जमवलेले. आई धान्यबाजारात पोती शिवते, तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर एवढे जाड घट्टे आहेत की त्यांना सुई टोचली तरी कळत नाही.

सात लाखांच्या वर जायचं नाही, हा एक नियम. दुसरा नियम बाबांचा, आणि तो त्याहून कडक: विकणाऱ्यासमोर घर आवडल्याचं दाखवायचं नाही. मागे एकदा एका घराच्या ओसरीत उभं राहून बाबा "वा, काय वारा आहे" म्हणाले होते आणि त्या एका वाऱ्याचे पन्नास हजार वाढले होते. तेव्हापासून आमच्यापैकी कुणाचा चेहरा खुलायला लागला की बाबा खोकायचे. त्या उन्हाळ्यात आम्ही सात घरं पाहिली आणि बाबांचा घसा बसला.

सातही घरं नापास झाली. चार तर बाबांनीच गिलावा केलेली होती, त्यांच्या पोटात काय आहे ते त्यांना पाठ होतं. एकाची कागदपत्रं तीन चुलत भावांच्या भांडणात अडकलेली. एकाला पाणी नव्हतं. एक सगळ्या बाजूंनी चांगलं निघालं, तर बाबा म्हणाले, इतकं चांगलं आहे तर तो विकतोय कशाला?

मग काटेवाल्यांचं घर आलं.

काटेवाले म्हणजे धान्यबाजारातल्या मोठ्या काट्यावर चाळीस वर्षं वजन करणारे गृहस्थ. आता निवृत्त झालेले, एकटे, मुलीकडे राहायला जाणार होते. घर तीन खोल्यांचं, कौलारू, मागे हात धुवायचा दगड आणि एक लिंबाचं झाड. स्वयंपाकघराला पूर्वेकडे रुंद खिडकी. बाबा थापी घेऊन ठोकायला लागले तर काटेवाले त्यांच्या पुढे पुढे चालत स्वतःच दाखवत गेले. न्हाणीच्या कोपऱ्यात गळतं. ही भेग जुनी आहे, वाढत नाही, मी पेन्सिलने तारीख घालून ठेवलीय. या दाराला पावसाळ्यात खांदा लावावा लागतो. गिलावा तीस वर्षांपूर्वीचा, कुठे एक ठिगळ नाही. किंमत सात लाख. माझ्या यादीप्रमाणे तेवढं घर आठला जात होतं.

बोलताना ते मध्येच थांबायचे, समोरच्याकडे टक लावून बघायचे आणि मग वाक्य पुरं करायचे. काट्याची सुई स्थिर होईपर्यंत आकडा न सांगायची सवय अंगात मुरली असावी.

हे घर बघायला बाबा एकटेच गेले होते, परत येऊन त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. मग म्हणाले, "जो माणूस एवढं सगळं दाखवतो, तो किती मोठं काहीतरी लपवत असेल."

मला ते पटलं. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा अगदी मनापासून पटलं.

त्या रात्री जेवताना बेत ठरला, आणि बेतात निम्मी अक्कल माझी होती. बाबा परत गेले तर गरज दिसेल, म्हणून त्यांनी जायचंच नाही. मामाने जायचं. तो ट्रकवर माल चढवतो, पण अंगापिंडाने भरदार आहे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला की ठेकेदार वाटतो. त्याने कागदपत्रं आणि हद्द बघायची. दोन दिवसांनी मावशीने जायचं. ती दवाखान्यात केसपेपर काढते, तिला अनोळखी माणसाला वाटेल ते विचारायची सवय आहे. आमच्या साहेबांसाठी घर बघतेय असं सांगून तिने पाण्याचं, शेजाऱ्यांचं आणि घरात कोण कशाने गेलं याचं विचारायचं. शेवटी मी, शाळेतर्फे सर्वेक्षण म्हणून, वही घेऊन. मी छतात काय आहे ते बघून यायचं होतं.

आईने सगळ्यांना वाढलं. तिच्या वाट्याला काही काम आलं नव्हतं आणि तिने मागितलंही नाही.

मामा आमच्या शेजाऱ्याचा शर्ट मागून घालून गेला. कागद स्वच्छ आहेत म्हणाला, हद्दीचे दगड जागेवर आहेत. बाबा म्हणाले, इतके स्वच्छ? मावशी जाऊन आली, पाणी बारमाही आहे म्हणाली, काटेवाल्यांची बायको म्हातारपणाने गेली, शेजारी बरे आहेत. मी गेले. काटेवाल्यांनी मला स्टूल दिलं, माझ्या चौदा प्रश्नांची सरळ उत्तरं दिली आणि मी निघताना टक लावून बघत विचारलं की शाळेला सुट्टी कधी लागली. मी म्हटलं, पंधरा दिवस झाले. ते "अच्छा" म्हणाले. मी वही छातीशी धरून रुबाबात बाहेर पडले. त्या "अच्छा"चा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी कळला.

छत ठीक होतं. तरी बाबा आणखी दोन दिवस थांबू म्हणाले, फार घाई केली तर कळतं. दोन दिवसांनी ते मुद्दाम सायकलच्या चाकातली हवा सोडून सायकलवाल्याकडे गेले आणि सहज म्हणून त्या घराचा विषय काढला. सायकलवाल्याने डोकं वर न काढता सांगितलं की काटेवाले आता आठ म्हणतायत. आठवड्याभरात रांग लागलीय तिथे. एक मोठा ठेकेदार येऊन गेला, कुणा साहेबाचं माणूस येऊन गेलं, सरकारी मोजणीही झाली म्हणतात. त्या बाजूने रस्ता निघणार असेल.

बाबा सायकल हातात धरूनच घरी आले. हवा भरायला विसरले होते.

चार दिवसांत आठाचे साडेआठ झाले. त्या संध्याकाळी मी पाहिलं, आई स्टोव्हमागच्या भिंतीवरचा डाग ओल्या फडक्याने घासत होती. एकसारखी घासत होती.

बाबांना झोप लागेना. कोण असेल हा ठेकेदार, एवढं एकच त्यांच्या डोक्यात. सायकलवाल्याचाच माणूस असणार. किंवा काटेवाल्यांनीच उभा केलेला असणार, भाव चढवायला. त्यांनी मामाला बाजारात लक्ष ठेवायला सांगितलं. पांढरा शर्ट, भरदार अंग, असा कोणी दिसला तर कळव. मामाने मान डोलावली आणि तीन दिवस मन लावून शोधत फिरला.

त्याच आठवड्यात बाबांना नवं काम आलं. काटेवाल्यांच्या लगतच्या घराचं. शेजाऱ्यालाही आता घर विकायचं होतं, भाव चढलेत तोवर. बाहेरची पूर्ण बाजू गिलावा, आतून ओल आलेली एक भिंत, सगळं आठ दिवसांत. सुट्टी असल्यामुळे मीही कामावर होते. वाळू चाळायची, घमेली भरून द्यायची आणि आदल्या दिवशीच्या गिलाव्यावर पाणी मारायचं. पाणी दिवसातून चार वेळा मारावं लागतं, नाहीतर ऊन भिंतीतला ओलावा ओढून घेतं आणि केसासारख्या भेगा पडतात. हंडा कमरेवर घेऊन नळापासून पन्नास पावलं. वाळूचा चुरा घामाने मानेवर चिकटायचा. सिमेंटने बाबांच्या बोटांची पेरं फुटली होती, त्यावर ते दुपारी खोबरेल चोळायचे आणि त्याच हातांनी पुन्हा थापी धरायचे. मध्ये कमरेएवढं कुंपण, पलीकडे लिंबाचं झाड. बाबा तिकडे पाठ करून काम करायचे.

तिसऱ्या दिवशी तो शेजारी सावलीत खुर्ची टाकून बसला होता आणि मी भिंतीवर पाणी मारत होते. तो बाबांना आपल्या घराचा भाव कसा वाढणार ते समजावत होता. म्हणाला, ठेकेदार त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. दांडगा माणूस. शर्ट पांढरा फेक, पण खिशावर निळ्या शाईचा हा एवढा डाग. आणि पैसेवाले विक्षिप्त असतात बघा, हद्दीचा दगड एका हाताने उचलून बघत होता. मग साहेबाकडून एक बाई आली, तिने आमच्या आईचं नाव, वय, आधी कुठला आजार होता का, सगळं विचारून घेतलं. आणि मोजणीला सरकारने पोरगी पाठवली होती, शाळेतली वाटावी एवढीशी.

पाणी माझ्या पायांवर सांडत होतं. पांढऱ्या शर्टाच्या खिशावरचा निळा डाग मी स्वतः लिंबू लावून घासला होता आणि तो निघाला नव्हता.

शेजारी आत गेल्यावर मी भिंतीला बांधलेल्या बांबूच्या पहाडाखाली जाऊन उभी राहिले. वर बाबा सिमेंटच्या मालाचा गोळा हातात घेऊन.

"बाबा, तो ठेकेदार मामा आहे."

त्यांची थापी भिंतीवर तशीच राहिली. माल हळूहळू घसरला आणि माझ्या शेजारी पडला. मी पुढचंही सांगितलं. साहेबाची बाई मावशी. सरकारी मोजणी मी. रस्ता नाही, ठेकेदार नाही, कुणी नाही. वर्षातून एकदा कुणी विचारतं त्या गल्लीत आपण पाच दिवसांत तीनदा विचारलं. भाव आपणच वाढवलाय. शिवाय या भिंतीचं कामही आपणच काढलंय.

बाबा पहाडावर खाली बसले. त्यांनी एकदा काटेवाल्यांच्या छपराकडे पाहिलं. मग म्हणाले की ही भिंत तरी पुरी करू.

जाऊन सांगून टाकायचं, हे मी म्हटलं. बाबांना ते मरणाहून कठीण वाटत होतं. काटेवाले म्हणतील, भाव पाडायची ही नवी युक्ती. मीच असतो तर हेच म्हटलं असतं, असं ते दोनदा म्हणाले. शेवटी त्यांना तयार केलं ते मीच. खोली खाली करायला तीन आठवडे उरले होते.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. बाबा, मी, मामा, मावशी. आईही निघाली, सगळ्यांच्या मागे, बाजाराची पिशवी हातात घेऊन. तू कशाला, असं बाबा म्हणाले, पण ती ऐकल्यासारखं न करता चालत राहिली आणि कुंपणाच्या दाराशीच थांबली.

काटेवाले अंगणात स्टुलावर बसून लिंबं निवडत होते. बाबांनी मला पुढे ढकललं, म्हणून मी बोलले. शाळेत वादविवादात पहिली आले होते तशी उभी राहून, मुद्देसूद. हे माझे मामा. ही माझी मावशी. मी मी. आम्ही तिघंही एकाच घरचे.

काटेवाल्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मामाने आज रोजचा बनियन आणि विजार घातली होती, तो उगाच पोट आत घेऊन उभा राहिला. मावशीने चपलेने जमीन उकरली.

"ट्रकवर असता ना तुम्ही," काटेवाले मामाला म्हणाले. "चाळीस वर्षं हमाल बघितलेत मी. दगड उचलताना गुडघे वाकवलेत तिथेच कळलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि सुट्टीतली शाळा."

बाबा जमिनीकडे बघत होते. इतकी वर्षं लोकांच्या भिंती ठोकून पाहणारा माणूस, आणि आज त्यालाच कुणीतरी ठोकून पाहिलं होतं.

मग बाबांनी कसंबसं विचारलं की आलेले तिघं खोटे आहेत हे माहीत होतं, रस्ता नाही हेही माहीत होतं, तर भाव वाढवला कशाला.

काटेवाले थांबले. नेहमीसारखे. सुई हलायची थांबेपर्यंत.

"चौथ्या गिऱ्हाइकासाठी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चौथं कोणी नव्हतं. मी बोटांवर मोजलंसुद्धा.

ते सांगू लागले. तुम्हा तिघांच्या आधी, तुम्ही पहिल्यांदा थापी घेऊन आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई आली. किंमत विचारली नाही, हद्द विचारली नाही. स्वयंपाकघरातली खिडकी बघू का म्हणाली. अर्धा तास खिडकीखाली बसून राहिली, ऊन कुठवर येतं ते फरशीवर बोट ठेवून बघितलं. जाताना म्हणाली, मला हे घर फार आवडलंय, घरी विचारलं की येते. मी म्हटलं, हिलाच द्यायचं. त्यानंतर एकेक जण खोटी नावं घेऊन यायला लागला. वाटलं, घर घेऊन पाडणारे किंवा पुन्हा विकणारे असतील. म्हणून भाव वाढवत गेलो, कुणी हिच्या आधी घेऊ नये म्हणून. ती आली की सात सांगणार होतो. ती काही परत आली नाही.

बाबांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, कोण होती?

काटेवाल्यांनी कुंपणाच्या दाराकडे बोट केलं. "इतका वेळ उभी आहे ती. मला वाटलं, तुमच्याबरोबर आलीय म्हणजे तुम्हाला माहीत असेल."

आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने आम्हाला वाढलं होतं, आमचा बेत ऐकला होता, आमचे आकडे ऐकले होते आणि भिंत घासली होती. मी तिला विचारलं, तू सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, मला कुणी विचारलं? ठेकेदार झाला, साहेब झाले, सरकार झालं. घर हवं असलेली बाई पाठवायचं कुणाला सुचलं नाही. मग साडेआठ ऐकलं, म्हटलं, गेलं आता.

काटेवाले उठून उभे राहिले. त्यांनी आईला विचारलं, "घर हवंय?"

बाबा खोकले. सवयीने. आधी एकदा, मग जोरात.

"हवंय," आई म्हणाली. "सात लाख आहेत. सात लाख एक नाहीत."

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा नियम एका दमात संपला होता.

काटेवाले टक लावून तिच्याकडे बघत राहिले. लिंबाच्या झाडावर एक पाखरू उगाच इकडून तिकडे उड्या मारत होतं. ते थांबलं तेव्हा काटेवाले म्हणाले, "सात," आणि कागदपत्रं आणायला आत गेले.

मामाने एवढा वेळ आत धरलेलं पोट सोडलं. मावशीने आईचा हात धरला. बाबा मात्र सरकत माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, "एका शब्दावर दीड लाख सोडले माणसाने. काहीतरी आहे या घरात."

आई दारातून आत शिरत होती, तिला ते ऐकू गेलं. ती न थांबता म्हणाली की बारा वर्षं त्यांच्या काट्यावरची पोती शिवलीत मी, एका किलोचा फरक कधी पडला नाही. आणि ती खिडकीखाली जाऊन बसली.

पण बाबांचा हात खिशाकडे गेलाच. त्यांनी थापी उलटी धरली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीशी उभे राहिले. ठोकलं. भरीव. दोन पावलं पुढे, पुन्हा ठोकलं. भरीव. कोपऱ्यात वाकून ठोकलं, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. भरीव. आणि प्रत्येक भरीव आवाजासरशी त्यांचा चेहरा आणखी आणखी चिंतेत पडत गेला.

आईने पिशवीतून पोती शिवायच्या सुतळीचं गुंडाळं काढलं.

"तुमचं ठोकून झालं की सांगा," ती म्हणाली, "मला पडद्याचं माप घ्यायचंय."